चौदा पांढऱ्या पट्ट्या

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. खरी सांगतो, कारण तिच्यात मीही गुन्हेगार आहे.

मी एक जुना ब्रश आहे. चार इंच रुंद, लाकडी मुठीचा. रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे असतात ना, ते रंगवणाऱ्या टोळीचे मुकादम माझे धनी. सुतळी ताणायची, खडूने आखायचे आणि मग मला डब्यात बुडवायचे, असे शेकडो पट्टे आम्ही दोघांनी काढले. पुढे यंत्र आले, तरी कडा माझ्याकडेच राहिल्या. "यंत्राला काय कळतो कोपरा?" असे म्हणत मुकादम रोज मला रॉकेलने न्हाऊ घालत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घरी आणले. काही वर्षांनी त्यांचा उजवा हात बसल्या जागी थरथरू लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. पाऊल आखूड झाले. दारात आले की पाय जमिनीला चिकटत. मन केव्हाच पुढे गेलेले असे.

व्यायाम शिकवायला एक ताई येत. एकदा त्या मुकादमांना बाहेर फिरवून आल्या त्या हसतच. मुकादमांच्या पत्नीला म्हणाल्या, "अहो काकू, हे घरात अडतात आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून नवरदेवासारखे चालतात!"

"पायांचं भांडण माझ्याशी आहे, पट्ट्यांशी नाही," मुकादम म्हणाले.

डोळ्यांपुढे रेघ असली की अशा पायांना उचलायला मदत होते, हे ताईंनी समजावले. झाले! मला कपाटातून काढले. मुकादम ठोकळ्यावर बसले, काकूंनी सुतळी धरली. मित्रांनो, मी बोटांत आलो आणि तो थरथरता हात शांत झाला. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पट्ट्या, पावलागणिक एक.

रोज सकाळी काकू आतून गाण्याच्या सुरात मोजत, "एक... दोन... टाच आधी हं!" आणि मुकादम कोणाचाही हात न धरता येत. चौदाव्या पट्टीवर म्हणत, "पोचलो. ओता चहा." कोणी न्यायला न येता चहाला पोचायचे, एवढेच त्यांचे मागणे होते.

मुलाचाही ऊर भरून आला होता. "बाबा, या पट्ट्यांना कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

मग मुलाचे साहेब जेवायला यायचे ठरले. मुकादम आणि काकू तेव्हा आठ दिवस लेकीकडे होते. सून म्हणाली, "घर आहे की चौक? बरं दिसतं का हे?" मुलगा फरशीच्या रंगाचा डबा घेऊन आला. मग त्याने मलाच उचलले आणि करड्या रंगात बुडवले. मी केस ताठ केले, दोनचार गाळलेही. पण ब्रशाला नाही म्हणता येत नाही. मीच काढलेल्या चौदा पट्ट्या मीच झाकल्या. मला धुतलेही नाही.

मुकादम परतले. सकाळी पलंगावरून उठले, खाली पाहिले आणि तिथेच खिळले.

"पट्ट्या कुठे गेल्या?"

"आता छान चालता की तुम्ही, बाबा. हवं तर मी धरतो ना हाताला."

"तू शब्द दिला होतास."

मुलगा मोबाइलमध्ये पाहू लागला. मुकादमांची नजर खिडकीत माझ्यावर पडली. केसांत करडा रंग दगडासारखा वाळलेला. ते एवढेच म्हणाले, "ब्रश तरी धुवायचा होतास."

काकूंनी खडूने रेघा ओढल्या, त्या फरशी पुसताना गेल्या. ताई बोलून पाहतात. "येत्या रविवारी काढून देतो," मुलगा सांगतो. कितीतरी रविवार येऊन गेले. चहा आता पलंगावर येतो. मुकादम तो अर्धाच पितात.

मग काकू त्यांना धरून, थांबत थांबत, कोपऱ्यावर नेतात. तिथे आमचे जुने पट्टे आहेत. मुकादम हात सोडवून घेतात आणि एकटे रस्ता ओलांडतात. वळतात, परत येतात, पुन्हा जातात. गाड्या हॉर्न वाजवतात. "आजोबा, एकदा काय ते ठरवा!" कोणी ओरडते. मी खिडकीतून सगळे ऐकतो.

मित्रांनो, ब्रश वापरला की धुवा, हे तर सांगतोच. पण एखादे आजोबा त्याच त्या पट्ट्यांवर ये-जा करताना दिसले, तर घाईतल्या मोठ्यांना म्हणा, "थांबा थोडं. त्यांना घरात चालता येत नाही." आणि माझ्या मुकादमांची आठवण ठेवा.