पहाटे चारचा गजर

२००२ सालच्या जूनमधला सोमवार. पहाटेचे चार वाजले आणि मी वाजले नाही. दिशाची रत्नागिरीला जाणारी पहिली एसटी चुकली. त्याच सकाळी कोल्हापूरला तिची लष्करी नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुलाखत होती.

मित्रांनो, मी पूर्णगडच्या सखारामांच्या घरातले एक जुने घड्याळ आहे. माझ्या पाठीला दोन चाव्या, एक वेळेची आणि एक गजराची. डोक्यावर कळ आहे. ती दाबली की गजर गप्प. १९९८ मध्ये सखारामांनी मला आणले ते थोरल्या गौरवसाठी. त्याला नौदलात जायचे होते. मी चारला वाजायचे, धाकटी दिशा त्याला उठवायची आणि मला हातात घेऊन किनाऱ्यावर त्याची धाव मोजायची.

"दादा, कुर्ल्या पुढे गेल्या रे तुझ्या!" वाळूतल्या खेकड्यांकडे बोट दाखवत ती ओरडायची.

गौरव भरती झाला. नौदलातच इलेक्ट्रिकचा डिप्लोमा शिकला. सुटीवर आला तेव्हा म्हणाला, "दिशा, आता तुझा नंबर. फुकट शिक्षण, वर नोकरी. सोडू नको." त्या दसऱ्याला त्यांच्या आईने, मथुराबाईंनी, मलाही झेंडूचे फूल वाहिले.

पुढे सखारामांना अर्धांगवायू झाला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दिशाने गजराची चावी घट्ट होईपर्यंत भरली. ती झोपल्यावर मथुराबाई गौरवला म्हणाल्या, "ही गेली की ह्यांना उठवायचं-बसवायचं कोणी रे? तू काय, सुटीपुरता."

"बघतो मी," गौरव म्हणाला. त्याने माझी कळ दाबली.

सकाळी दिशा रडू लागली तेव्हा तो म्हणाला, "चावीच दिली नसशील गो." आणि मला उचलून माळ्यावर टाकले. पुढच्या वर्षी तिचे वय बसले नाही. मी मोडके ठरले, ती विसराळू. वडिलांची उठबस तिच्याकडेच राहिली.

मित्रांनो, सहा वर्षे मला कोणी पुसले नाही, त्याचे एवढे वाटत नाही. ज्याला रोज उठवले त्याच्याच अंगठ्याने मला गप्प केले, हे मात्र अजून खुपते. एखादी वस्तू बिघडली म्हणण्याआधी ती एकदा हातात घेऊन बघा.

गेल्या रविवारी गौरव सुटीवर आला. नोकरी सांभाळून त्याने पदवी मिळवली, म्हणून शाळेतली मुले त्याचे ऐकायला अंगणात जमली होती. त्याने हाक मारली, "दिशा, ते जुनं घड्याळ आण गो. बंद असलं तरी आण, पोरांना दाखवतो."

दिशाने मला पुसले. गजराची चावी फिरवून पाहिली. फिरेना, ती पूर्ण भरलेली होती. मग तिला दाबलेली कळ दिसली. ती वर ओढून तिने माझे काटे चारवर आणले.

मी वाजले. मुले हसली. "काका, चालतंय की हो!"

दिशाने मला गौरवच्या पुढ्यात ठेवले. "दादा, चावी दिली होती मी."

गौरवचा हात कळीपर्यंत आला आणि थांबला. गजर आपोआप संपला.