तळाला भोकं असलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी, पायडल मारून चालवायची, मासेमारीची दोन माणसांची होडी आहे आणि मला करवतीने कापून माझ्या दोन लांबट कुंड्या करण्यात आल्या नाहीत. हे वाक्य आपण सगळ्यांनी ताबडतोब विसरून जाऊ या. कुंड्या होणार की नाही हे कुणालाच माहीत नाही, मलाही नाही, असं धरून मी पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म भट्टीत झाला. प्लास्टिकची पूड साच्यात भरतात, साचा भट्टीत गरगर फिरवतात, पूड वितळून साच्याला आतून चिकटते आणि गार झाल्यावर होडी बाहेर येते. जन्मतःच इतकं गरगरल्यावर एखाद्याने कायमचं अंथरूण धरलं असतं. पण मी आतून पोकळ असल्यामुळे मला काही झालं नाही. शेजारच्या साच्यात त्याच पुडीची पाण्याची टाकी तयार होत होती. नात्याने ती माझी सख्खी बहीण. ती सध्या कुठल्यातरी गच्चीवर असेल आणि आमच्यात पाणी पोटात ठेवण्यावरून मतभेद असतील.

माझी रचना सोपी आहे. खाली बंद, पोकळ पोट. वर दोन सीटा, एकीमागे एक. प्रत्येक सीटपुढे पायडल, पायडलखाली पाण्यात फिरणारा पंखा आणि मागे सुकाणू. पायांनी चालवायचं, म्हणजे हात गळ धरायला मोकळे. आणि बसणाऱ्याच्या पायांपाशी काही भोकं. ही भोकं म्हणजे वरून थेट खालच्या पाण्यात उतरणाऱ्या नळ्या. लाट अंगावर आली की पाणी या भोकांतून निघून जातं, पोटात थेंबही शिरत नाही. ओझं जास्त झालं तर थोडं पाणी उलट वर येतं आणि पावलं ओली होतात, एवढाच त्रास. ही भोकं नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या मालकाने ठेवली नाहीत.

माझे पहिले मालक वकील होते. डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला म्हणून त्यांनी मला आणलं, माझ्यात बसून फोटो काढला आणि तेवढ्याने त्यांना बरं वाटलं. मग मी त्यांच्या गाडीच्या खोलीत भिंतीला टांगलेली राहिले. माझ्यावर टॉवेल वाळत. पुढच्या सीटवर मांजर व्याली. पिल्लं मोठी झाली, आपापल्या मार्गाला लागली, एकदाही भेटायला आली नाहीत.

एकदा वकिलांचं न्हाणीघर तुंबलं आणि नळवाला आला. काम संपवून हात पुसता पुसता त्याने मला पाहिलं.

“साहेब, ही देणार का?”

“ही काय आहे?” वकिलांनी विचारलं.

“होडी.”

“आपली?”

“तुमच्याच भिंतीवर आहे.”

“मग घेऊन जा बाबा. मी इतके दिवस कपाट समजत होतो.”

अशी मी नळवाल्याच्या घरी आले. दारातच त्याच्या म्हाताऱ्या आईने माझ्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. “माझ्या गुडघ्यांसाठी टब आणलास रे! कधी बोलले नव्हते, तरी ओळखलंस.” ही होडी आहे, हे तिला पुष्कळदा सांगून झालं. ती दर वेळी “बरं” म्हणे आणि साबण कुठे ठेवायचा ते विचारी.

नळवाल्याने मला ज्या मायेने सजवलं तशी माया मी पाहिली नव्हती. गळ उभे ठेवायला त्याने पाइपचे तुकडे तिरके कापून सीटमागे बसवले. सुकाणूची कुजलेली दोरी काढून नवी ओवली. पायडलच्या सांध्यांतला गंज काढला, वंगण भरलं. पोटात चुकून पाणी गेलंच तर काढायला मागे एक बूच असतं. माझं हरवलं होतं, म्हणून त्याने तिथे चक्क पितळी तोटी बसवली. जगात तोटी असलेली होडी बहुधा मी एकटीच. काठावर उभी असले की लोक हात धुवायला येतात.

सुट्टीच्या दिवशी पहाटे आम्ही दोघं खाडीत जात असू. तो फार मासे पकडत नसे. बहुतेक वेळा नुसता बसे. मला वाटे, हेच आयुष्य.

पण घरी मला ठेवायचं कुठे? तर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जाणाऱ्या अरुंद बोळात. मी आल्यापासून त्या घरात सगळे आडवे चालत. नळवाल्याची बायको कपडे शिवते. तिच्या गिऱ्हाइकांना मापं द्यायला खेकड्यासारखं आत यावं लागे. एके दिवशी एक जाड बाई माझ्यात आणि भिंतीत अडकली आणि सुटल्यावर दुसऱ्या शिंपिणीकडे गेली. त्या संध्याकाळी बायकोने माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला करवत आणून टांगली.

“अहो, हिच्या उभ्या दोन कुंड्या होतील. गॅलरीत मिरच्या लावीन.”

“अगं, होडी आहे ती!”

“तुम्ही तिथे तासन्‌तास करता तरी काय? मासे तर मी बाजारातूनच आणते.”

“एकदा बसून बघ. मग बोल.”

बायकोने करवतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बसते. पण मला पोहता येत नाही आणि ओलं झालेलं चालत नाही. पायाला पाणी लागलं, की हिच्या कुंड्या. कबूल?”

“कबूल,” नळवाला म्हणाला. मित्रांनो, मला कुणी विचारलं नाही.

आता दोघं बसणार म्हणजे ओझं वाढणार, भोकांतून थोडं पाणी वर येणार, पावलं ओली होणार. नळवाल्याने मला पालथी घातली, उताणी केली आणि त्याचं लक्ष त्या भोकांवर गेलं. नळवाल्याच्या धंद्यात भोक म्हणजे वैरी. सगळं आयुष्य त्याने भोकं बुजवण्यात घालवलेलं. न्हाणीघराच्या फटी भरायचं पांढरं सिलिकॉन आणून त्याने माझं एक एक भोक गच्च भरलं आणि वरून अंगठ्याने असं गुळगुळीत केलं, की मला स्वतःला ते सापडेना. मग खात्री करायला त्याने माझ्यात बादल्या ओतल्या. पाणी काठोकाठ भरलं आणि तसंच राहिलं.

“बघ!” तो बायकोला म्हणाला. “थेंब गळत नाही!”

त्याची आई टॉवेल घेऊन आली.

मला ओरडायचं होतं. पण होडीला तोंड असतं ते नुसतं पुढच्या टोकाला म्हणायचं म्हणून. आत काही नसतं.

सुट्टीच्या सकाळी आम्ही निघालो. दोघांनी अंगात फुगीर जाकिटं घातली होती. नळवाला पुढे, बायको मागे. गळ्यात तिची धागे कापायची छोटी कात्री, दोरीला बांधलेली. ती तिच्या गळ्यात घरी, बाजारात, लग्नातसुद्धा असते. खाडी शांत होती. पंखा छान फिरत होता.

“पाय?” नळवाल्याने विचारलं.

“कोरडे.”

तो इतका फुलला की जाकिटाचा पट्टा आवळला. जरा वेळाने बायको म्हणाली, “मग? आता काय करायचं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. इथे कुणाचा नळ गळत नाही. फोन लागत नाही. कुणी म्हणत नाही, काल दुरुस्त केलात आणि आज परत तेच.”

 बायकोच्याही गिऱ्हाइकांचं बाहीवरून रोज तेच चाले. तिने पाठ टेकली, आणि मला वाटलं, वाचले.

तेवढ्यात माणसांनी भरलेली लाँच आमच्या अगदी जवळून गेली. लाँचवरच्या लोकांनी हात हलवले. आम्हीही हलवले. मग त्यांच्या मागून लाट आली आणि थेट माझ्यात येऊन बसली.

एरवी मी तिला भोकांतून खाली सोडलं असतं. पण वाट बंद. पाणी बायकोच्या मांडीपर्यंत आलं आणि तिथेच डुचमळत राहिलं. ते डावीकडे गेलं की मी डावीकडे कलले, उजवीकडे गेलं की उजवीकडे. मागून दुसरी लाट निघालेली दिसत होती. ती आली असती तर मी उलटले असते, आणि बायकोला पोहता येत नव्हतं.

“अहो!”

“थांब, कुठून गळतंय बघतो!” नळवाला ओंजळीने पाणी उपसत, वाकून फट शोधत होता. “कुठून गळतंय? कुठून?”

“गळत नाहीये, हेच झालंय!” बायको ओरडली. “अहो, लोकांच्या गच्चीत पाणी तुंबलं की तुम्ही काय करता?”

“पन्हळीचं तोंड मोकळं करतो.”

“आणि हिची तोंडं कुणी बुजवली?”

नळवाल्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही माशाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. बायकोने जाकिटाखालून कात्री ओढली, हात पाण्यात घातला, चाचपून सिलिकॉन शोधलं आणि चुकलेली शिवण उसवावी तसं कापून, उचकटून काढलं. पुढच्या सीटपाशी नळवाला घराच्या किल्लीने स्वतःचंच काम उकरत होता. गुडगुड आवाज झाला. पाणी भोवरा करून खाली निघालं. असं मोकळं मला भट्टीतून बाहेर आल्यावरही वाटलं नव्हतं. दुसरी लाट आली, आत चढली, रस्ता मोकळा पाहून शहाण्यासारखी निघून गेली.

दोघंही किनाऱ्यापर्यंत पायडल मारत राहिले. मग आधी तिला हसू आलं, मग त्याला. मी मात्र करवतीचा विचार करत होते. कारण ती कमरेपर्यंत ओली होती आणि शब्द म्हणजे शब्द.

घरी येताच नळवाल्याने स्वतःच खिळ्यावरची करवत काढली. “कबूल केलं होतं. कुठून कापू?”

“आधी धुवा तिला,” बायको म्हणाली. “खारट कुंडीत मिरच्या लागतात होय?”

त्याने मला गोड्या पाण्याने धुतलं. खूप वेळ धुतलं. पायडल सोडवून सांध्यांतली वाळू काढली, पंख्यात गुंतलेलं शेवाळ काढलं, दोरी पुसली, वंगण लावलं.

“कुंडीला वंगण कशाला?” बायकोने विचारलं.

तो आणखी वंगण लावत राहिला. तेवढ्यात माझ्या मागच्या सीटवर काहीतरी गार टेकलं. मी डोळे मिटले. डोळे नसल्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती मापाची टेप होती.

“माप कसलं घेतेस?”

“ही सीट फार बोचते. रेनकोटच्या कापडाची गादी शिवते. आणि पुढच्या खेपेला पुढे मी बसणार. सगळा वेळ मला तुमची पाठच दिसली.” मग ती म्हणाली, “हिला बोळात नको. मागच्या भिंतीला उंच टांगा, सावलीत. गिऱ्हाइकं सरळ चालू देत.”

नळवाला करवतीशेजारी मटकन खाली बसला. मीही बसले असते, पण मी आधीच आडवी होते.

मित्रांनो, म्हणून सांगते. खाऱ्या पाण्यातून आलेल्या वस्तूला गोड्या पाण्याने धुवा. फिरणाऱ्या सांध्यांना वंगण द्या. प्लास्टिकला उन्हात टाकू नका, त्याचा आकार आणि धीर दोन्ही सुटतात. आणि एखाद्या वस्तूला मुळातच भोक असेल तर ते बुजवण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे कुणालातरी विचारा. लाटांना मात्र मी वेगळा अर्ज केला आहे.

प्रति,
मा. लाटा (सर्व), खाडी विभाग.

महोदया, उपरोक्त अनुभव विचारात घेता, यापुढे आपण होडीवर येण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी लेखी कळवावे, एका वेळी एकीनेच यावे, येताना बसलेल्या व्यक्तींची संमती घ्यावी आणि कार्यभाग उरकताच तळाच्या अधिकृत मार्गाने विनाविलंब प्रस्थान करावे, ही नम्र विनंती. पोच मिळावी.