रकान्यात न मावणारं समीकरण

तिने समीकरण आणखी थोडं बारीक केलं. तरीही मावेना. पानाला दोन रकाने, आणि हे लांबलचक प्रकरण डाव्या रकान्यातून निघून थेट उजव्या रकान्यातल्या मजकुरावर आदळत होतं. शेवटची दोन पदं अक्षरांखाली पार चिरडली होती.

गणिताच्या नियतकालिकाची पानं लावण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समीकरण कुठे मोडायचं ते पक्कं ठाऊक होतं: अधिक किंवा वजाच्या आधी, कंसाच्या पोटात कधीच नाही. तिला हे शिकवलं होतं या लेखाच्याच लेखकाने. निवृत्त प्राध्यापक, महाखडूस. स्वल्पविराम जरा सरकला तरी तिची खरडपट्टी काढायचे. हा आपला शेवटचा लेख, असं त्यांनी या वेळी कळवलं होतं.

कुठे मोडायचं ते तेच सांगतील म्हणून तिने गेल्या आठवड्यात पान तसंच तपासायला पाठवलं होतं. अंक आज छपाईला जायचा होता. कंटाळलेल्या हाताने तिने परत आलेला गठ्ठा उघडला. प्रत्येक पानावर ‘बरोबर’ आणि सही. या पानावरही. चला, बोलणी टळली, असं वाटून तिला आधी हायसंच वाटलं. मग दिसलं, सही समीकरणाच्या अंगावरच केली होती.

स्वल्पविराम सरकलेला पकडणाऱ्या माणसाला हे चिरडलेलं समीकरण दिसलंच नव्हतं. हे असंच छापलं असतं तर लोक त्यांनाच हसले असते.

तिने फोन लावला.

"सर, पानं नीट तपासलीत ना?"

"एकेक अक्षर. का?"

आवाज नेहमीसारखाच करडा. ओठांवर आलेलं तिने गिळलं.

"माझेच डोळे शिणलेत हो आज. मोठं समीकरण दोन ओळींत मोडतेय. मी वाचते, तुम्ही फक्त हो म्हणा."

ती वाचू लागली. तिसऱ्या पदापाशी त्यांनी अडवलं.

"वर्ग राहिला, बाई."

खरंच राहिला होता. समोर कागद नसल्यासारखे ते भराभर पुढचं सांगत गेले. वजाच्या आधी तिने ओळ मोडली आणि शेवटची दोन पदं खाली घेतली.

"झालं, सर. ठेवू?"



"बाई, बाकीची समीकरणंही वाचाल का?" ते हळूच म्हणाले. "बेचाळीस आहेत."