तांब्याच्या हंड्यातलं पाणी

मी एक जुनी पाणगोगलगाय आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, मला माणसं आवडत नाहीत. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण तुम्ही लबाडांसाठी केलीत. माझा पाय पोटाशीच आहे, पण तो मी कधी लपवला नाही. लपवाछपवी तुमच्या घरांत चालते.

माझा जन्म इंदूरजवळच्या बिलावलीच्या तलावातला. तिथून एका रविवारी दिनानाथ नावाच्या कारकुनाने मला आणि एका नराला ओल्या पंच्यात गुंडाळून स्नेहलतागंजातल्या आपल्या घरी नेलं. लोखंडी चौकटीची काचेची पेटी त्याने आमच्यासाठी सजवली होती. तळाशी वाळू होती. एका अंगाला पाण्याबाहेर येणारा ओल्या मातीचा उतार होता, कारण आम्ही अंडी पाण्यात घालत नाही. शंख टणक व्हावा म्हणून चुनखडीचा खडाही होता. माणूस हौशी होता, एवढं मी कबूल करते.

त्याची आई द्वारकाबाई मात्र आम्हांला पाहताच दोन पावलं मागे सरली.

“अरे दिन्या, ही बला कायको उचलून आणलीस? जित्तं मांस आहे हे! आणि ठेवतोस कुठे, तर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून? मला बिलकुल खपणार नाही.”

“आई, खामखा चिडू नकोस. कोपऱ्यात राहतील बिचाऱ्या.”

“बिचाऱ्या म्हणे! लिबलिबीत अवदसा नुसत्या!”

त्या दिवसापासून तिने मला पाण्यात पाहिलं, आणि मीही तिला. ती पेटीजवळून जाताना पदर सावरून घेई. मी मुद्दाम तिच्या बाजूच्या काचेवर चढून माझा सगळा ओला पाय तिला दाखवत असे. तिला किळस आली की मला बरं वाटे.

श्रावणात मी त्या मातीत अंडी घातली. भिजवलेल्या साबुदाण्याचा गोळाच जणू. पंधरा-वीस दिवसांनी पिल्लं निघाली. पुष्कळशी गेली, चाळीसएक जगली. मसुराच्या डाळीएवढी होती. ती काचेवर ओळीने चढायला लागली, तेव्हा माझा तापट स्वभावही थोडा निवला. ही तरी वाढावीत, एवढंच मला वाटे. दुसरी कसली इच्छा उरली नव्हती, कारण नर दसऱ्याआधीच मेला होता.

तेव्हा मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे. दिवाळी झाली की दप्तरं बांधली जात आणि त्यांच्याबरोबर कारकूनही जात. दिनानाथही निघाला. जाताना त्याने बायकोला, शालिनीला, सुवाच्य अक्षरात एक कागद लिहून दिला. मीठ नको, साबणाचा हात नको, ऊन नको, रोज पालकाचं एक पान. शालिनीने सगळं नेमाने केलं. पण पौषात तिचे वडील आजारी पडले आणि तिला देवासला जावं लागलं. आम्ही द्वारकाबाईच्या हाती लागलो. आता ही आपल्याला मोरीत ओतणार, असं मी धरूनच चालले होते.

तिने तसं केलं नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

झालं असं, की माझं एक पिल्लू चौकटीवरून खाली पडलं. द्वारकाबाईने तोंड वाकडं करत ते चिमटीत उचललं. पिल्लाने शिंगं बाहेर काढून तिच्या तळहातावर फिरवली. म्हातारीने हात झटकला नाही, उलट डोळ्यांजवळ आणला.

“अगं बाई, गुदगुल्या करतंय की गं!” ती पेटीत वाकून चक्क माझ्याशी बोलली. “आणि या घाण पाण्यात राहता होय तुम्ही? थांबा, देवाचं पाणी घालते.”

देवाचं पाणी म्हणजे तांब्याच्या हंड्यातलं. हंडा चिंचेने घासून लख्ख केलेला, पाणी रात्रभर त्यात ठेवलेलं. त्या घरात याहून शुद्ध काही नव्हतं. तिने जुनं पाणी उपसलं आणि हंडा पेटीत रिकामा केला. मित्रांनो, तांबं आम्हांला विष आहे. पाणी लागताच माझ्या अंगाची आग झाली. मी जीव खाऊन काच चढले, पाण्याबाहेर चौकटीला चिकटले. पिल्लांच्या पायांतलं बळच गेलं. ती एकेक करून काचेवरून सुटली आणि वाळूवर उलटी पडली. त्यांना वर ओढायला मला हात नाहीत. ती सुस्त दिसली, म्हणून द्वारकाबाईने दुसऱ्या दिवशी आणखी एक हंडा आणला. मग मी मातीच्या उतारावर जाऊन शंखाचं झाकण लावून घेतलं.

शालिनी परतली तेव्हा पेटीत नुसते शंख होते. तिने नळाचं पाणी भरलं, म्हणून मी वाचले. नवऱ्याला तिने पत्रातून काही कळवलं नाही.

वैशाखात दिनानाथ आला. पेटीत मी एकटीच उरलेली पाहून तो आईवर तुटून पडला.

“तूच मारलंस ना? पहिल्या दिवसापासून तुझ्या डोळ्यांत खुपत होती!”

“मी देवाचं पाणी घातलं रे! हंड्यातलं!”

“तांब्याचं?” त्याने पेटीजवळचा आपला कागद उचलून वाचला. “आई, तळ्यातल्या गोगलगायी मारायला मोरचूद टाकतात, ते तांब्याचंच असतं. ते परिपत्रक मी स्वतः उतरवून काढलंय, या हातांनी. आणि कागदावर तेवढंच लिहायचं राहिलं.”

चूक त्याला कळली, पण आईची माफी त्याने मागितली नाही. तीही त्याच्याशी बोलेनाशी झाली. मला दोघांचाही राग होता. ती शिव्या देत होती तोवर माझी पोरं जगली, आणि माया लावली त्याच आठवड्यात मेली. हे मी कोणत्या तोंडाने माफ करू?

एका सकाळी द्वारकाबाईने मला मातीच्या वाडग्यात घेतलं आणि एकटीच नदीच्या घाटावर गेली. गुडघे धरत पायरीवर बसली. मला थेट पाण्यात टाकलं नाही. ओंजळीत थोडं पाणी घेऊन माझ्यासमोर धरलं.

“हे चालेल का गं तुला?” ती म्हणाली. “मी विचारलंच नव्हतं.”

मी झाकण उघडलं नाही. मुद्दाम उघडलं नाही. ऊन चढलं, पायऱ्या तापल्या, तिच्या ओंजळीतलं पाणी गळून जाई आणि ती पुन्हा भरून घेई. मित्रांनो, तुम्ही कुणाला पाळाल तर त्याला आपल्या देव्हाऱ्यातलं देण्याआधी एवढंच विचारा, आणि उत्तर येईस्तोवर थांबा. ती दुपारपर्यंत थांबली. मग मी झाकण उघडलं.