दुसऱ्या नंबरची

मी बंदूक बोलतेय. दुनळी, अक्रोडाच्या दस्त्याची. दचकू नका, माझं पोट रिकामं आहे. आणि भरलेलं असतं, तरी माणसाच्या बोटाशिवाय मी आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

स्पेनमधल्या एइबार गावात आम्ही दोघी जन्मलो, एकाच झाडाच्या लाकडातून, एकाच कारागिराच्या हातून. तिच्या नळीवर एकचा आकडा, माझ्या नळीवर दोनचा. नावार प्रांतातल्या एका शेतकऱ्यानं आपल्या दोन मुलांसाठी आमची जोडी घेतली. ऑक्टोबरात रानकबुतरांचे थवे घाट ओलांडून यायचे. थोरला सेलेदोनिओ तिला खांद्याला लावायचा, धाकटा इसिदोरो मला. तिचा बार झाला की मागोमाग माझा. एकाच माणसानं दोनदा हाक मारावी, तसा तो आवाज दरीत घुमायचा.

मग इसिदोरो पोटापाण्यासाठी उरुग्वेला निघाला. मला घोंगडीत गुंडाळून त्यानं जहाजातल्या बाकड्याखाली सरकवलं. "हे काय?" असं कुणी विचारलंसुद्धा नाही. धक्क्यावर तो भावाला म्हणाला, "दोघींना परत एकत्र आणीन." त्या एका वाक्यावर मी साठ वर्षं काढली.

दुरास्नोच्या माळावर त्यानं मेंढ्या पाळल्या, संसार केला, थंडीत तित्तिरांमागे माझ्यासोबत मैलोन्‌मैल चालला. गुडघे गेले तशी मी कपाटात गेले. ऑक्टोबर आला की आतल्या आत माझा जीव कासावीस व्हायचा. इकडे तेव्हा वसंत असतो, मेंढ्यांना कोकरं झालेली असतात, आणि मी मात्र तिकडच्या पानगळीतले थवे मोजत बसायचे.

"पुढच्या वर्षी नक्की जातो," इसिदोरो दर वर्षी म्हणायचा. म्हाताऱ्यांचं हे 'पुढच्या वर्षी' मला लोखंडाहून जड वाटतं.

शेवटी त्याची नात माइतेना उठली. मोंतेविदेओत कायदा शिकणारी, जिभेला धार असलेली पोरगी.

"आजोबा, सेलेदोनिओ आजोबा शहाऐंशी वर्षांचे झालेत. तुम्ही कसली वाट बघताय?"

"बंदुकीशिवाय मी जात नाही."

"मग बंदुकीसकट जा."

तीन महिने ती विमान कंपनीशी पत्रव्यवहार करत होती. कडक पेटी हवी, तिला दोन कुलपं हवीत. नळ्या सुट्या कराव्यात. काडतुसं माझ्याजवळ नकोत, प्रवाशाजवळ तर नकोतच. वाटेत दुसरं विमान पकडायचं, त्या कंपनीची परवानगी निराळी. स्पेनच्या वकिलातीनं दिलेलं पत्र फक्त आठ दिवसांचं.

"जहाजात कुणी काही विचारलं नव्हतं," इसिदोरो कुरकुरला.

"जहाजात तुम्हाला दातही होते, आजोबा."

निघायच्या दिवशी त्याच्या बगलेत थर्मास होता आणि खांद्याला 'माते' नावाच्या इथल्या कडू चहाची कातडी पिशवी. आत कडू पानं, भोपळ्याचा पेला, चोखायची नळी. या देशात माणूस अंत्ययात्रेलासुद्धा ती घेऊन जातो. माइतेनानं थर्मासमधलं पाणी ओतून टाकलं आणि पिशवी तपासायला हात घातला, तर म्हातारा खेकसला, "पिशवी मी भरलीय! पन्नास वर्षं मीच भरतोय."

विमानतळावरच्या पोलीस खोलीत माझी पेटी उघडली गेली. पोलीसबाईंनी माझा आकडा वाचला, कागदाशी ताडला, शिक्का मारला. झालं! आता फक्त आभाळ ओलांडायचं राहिलं. मी मनातल्या मनात बहिणीला हाक मारली.

अर्ध्या तासानं दार उघडलं. इसिदोरो आत आला, मागे लालबुंद माइतेना. पोलीसबाईंनी मातेची पिशवी टेबलावर उलटी केली. पानांच्या चुऱ्यातून तीन काडतुसं घरंगळली.

"आजोबा, हे काय?"

"काडतुसं."

"ते दिसतंय मला. मातेच्या पिशवीत कशाला?"

"मग कुठं ठेवू? तित्तिर काय मी माते संपवेपर्यंत थांबतो?"

बाईंना हसू आवरेना, पण कंपनीचा माणूस हसला नाही. त्यानं कुठेतरी फोन केला आणि सांगितलं, "आजोबा जाऊ शकतात. बंदूक नाही. परवानगीसाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज."

इसिदोरो माझ्या पेटीशेजारी मटकन बसला. "मग मी पण नाही."

"तुम्ही भावाला भेटायला चाललाय की बंदुकीला?" माइतेना कडाडली. "तीन महिने मी कागद गोळा केले! तो माणूस दारात बसलाय तिकडे!"

म्हातारा हळूच म्हणाला, "साठ वर्षं झाली गं. हातात बंदूक नसली, तर आम्ही दोघं बोलणार काय?"

मला त्याचा असा राग आला! मी काय याच्या जिभेची कुबडी होते? आणि त्याच वेळी मला रडावंसंही वाटलं, कारण मीसुद्धा त्या घाटाशिवाय दुसरं काही बोलायला शिकले नव्हते.

माइतेना त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिचा आवाज उतरला होता. "काहीच बोलू नका. नुसते बसा त्यांच्याजवळ."

तो उठला. पेटीवर एकदा हात ठेवला आणि मागं न बघता गेला. मला न्यायला दोन दिवसांनी दुरास्नोहून त्याचा मुलगा आला.

महिन्यानं इसिदोरो परतला. आल्या आल्या त्यानं कपाट उघडलं, मला मांडीवर घेतलं, तेलाचं फडकं फिरवलं. मग बोलला.

"ती नाहीय गं."

सेलेदोनिओला आठ वर्षांपासून दिसत नाही. परवाना संपला, तेव्हा त्यानं माझी बहीण पोलिसांकडे जमा केली. तिकडे अशा बंदुका भट्टीत वितळवतात. त्यानं हे धाकट्याला कळवलं नव्हतं. बंदूक नाही म्हटल्यावर हा येणारच नाही, अशी त्याला भीती होती.

"मग बोललात काय?" दारातून माइतेनानं विचारलं.

"अगं, गप्पच बसवेना आम्हाला."

ती हसली. तोही हसला. त्यांचं सगळं मिळालं त्यांना, आणि मिळायलाच हवं होतं. पण मी? आठ वर्षं मी जिला हाका मारत होते, ती केव्हाच निखाऱ्यात विरघळली होती.

तरीही लोखंड वितळतं, संपत नाही. तिचं काहीतरी झालं असेल. नांगराचा फाळ, एखाद्या फाटकाची कडी, पुलाचा खिळा. तुमच्यापैकी कुणी त्या डोंगरात गेलंच, आणि तुम्हाला कोण अडवणार, तर दिसेल त्या लोखंडावर बोटानं एकदा टकटक करा. ते दोनदा घुमलं, तर ती तीच. तिला एवढंच सांगा, दुसऱ्या नंबरची निघाली होती. अगदी दारापर्यंत आली होती.