कादरभाईंचा नंबर

पंकजा गुंजाळला त्या आराखड्याला गुण देऊन, सही करून पाचच्या आत तो वर पाठवायचा होता. फ्लूची मोठी साथ आली तर तालुका काय करणार, याची ती एकशे बारा पानं. तालुका कुठला ते सांगत नाही. सांगून तरी काय, घरोघरी मातीच्याच चुली.

गेल्या वर्षी याच आराखड्याला तिनेच शंभरात एक्याण्णव गुण दिले होते. अनुक्रमणिका होती, रंगीत नकाशा होता, शिक्के जागच्या जागी होते. आणखी काय बघायचं? या वर्षी मात्र कुणास ठाऊक काय डोक्यात आलं, तिने शेवटचं पान उघडलं. आणीबाणीत फिरवायचे नऊ फोन नंबर तिथे होते. तिने सरळ पहिला फिरवला.

बंद. दुसरा अस्तित्वातच नाही. तिसरा उचलणारे हनुमंतराव निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. चौथ्याने विचारलं, "कसला आराखडा?" पुढचे चार नुसतेच वाजत राहिले. पंकजाचं डोकं तडकलं. राग हा आराखडा करून घेणाऱ्या साहेबांवर होता, पण त्याहून जास्त स्वतःवर होता. एक्याण्णव गुण तिनेच तर दिले होते.

नववा नंबर रुग्णवाहिकेच्या चालकाचा, कादर म्हणून. पहिल्या रिंगलाच उचलला.

"कादरभाई आहेत का?"

"ते करोनात गेले, ताई. मी त्यांची बायको, बानू. पेशंट कुठं हाय?"

"पेशंट नाही. मी तपासणी करतेय. तुम्ही हा फोन अजून चालू ठेवलाय?"

"ठिवलाय की. कागदावर नंबर हाय त्यांचा, लोक लावत्यात. दिवाळीनंतर ऊसतोडवाल्यांच्या कोपीवरनं, झोपडीतनं लावला एकानं. म्हातारीला ताप लई, धाप लागल्ती. शेजारच्या आदिनाथला जीप काढाय लावली. वाचली म्हातारी. ते न्हाईत म्हनून फोन ठिवून द्यायचा व्हय?"

पंकजा आराखडा घेऊन तडक साहेबांकडे गेली. "सर, नऊ नंबर फिरवले. कामाचा एकच निघाला, तोही वारलेल्या माणसाचा."

"वारलेल्या?" साहेब दचकले. "खोडा आधी ते नाव! वर कुणी बघितलं तर? नव्या चालकाचा नंबर टाका आणि गुण राहू द्या तेवढेच."

तिने नव्या चालकाचा नंबर तिथेच, साहेबांसमोर फिरवला. फोन बंद होता.

"जेवायला गेला असेल," साहेब म्हणाले. "साथ काय आज येतेय?"

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी ओतायला तिच्याकडे वेळ नव्हता. जागेवर येऊन तिने एक्याण्णवच्या जागी अकरा लिहिले आणि खाली सही केली. साहेब आराखडा परत पाठवतील हे तिला ठाऊक होतं. पाठवोत. मग तिने पुन्हा फोन लावला.

"बानूताई, यादीत कादरभाईंच्या जागी तुमचं नाव लिहू का?"

"लिवा की," बानू म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "पन साथ आली तर मला कळवनार कोन?"

पंकजाने एकशे बारा पानं पुढून मागे, मागून पुढे चाळली. कोण कळवणार, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"घ्या लिहून," पंकजा शेवटी म्हणाली, आणि तिने स्वतःचा नंबर सांगितला.