ग्रामपंचायतीच्या फळ्याची तगमग

मी एक जुना फळा आहे आणि मला चैन पडत नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, चार खिळ्यांनी भिंतीला ठोकलेल्याला कसली आलीय घाई? पण माझी अडचण समजून घ्या. माझ्या अंगावर कुणी लिहिल्याशिवाय मला बोलता येत नाही. गावातलं सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, आणि सांगता मात्र काहीच येत नाही. पाठीला खाज सुटावी आणि हात बांधलेले असावेत, तशी माझी गत असते.

राजूरच्या गणपतीला सकाळी चालत निघालं तर न्याहारीच्या आत पोचता येईल, इतक्या अंतरावर आमचं गाव आहे. राजूरच्याच एका सुतारानं सागाच्या तीन फळ्या जोडून मला बनवलं. माझ्यासाठी कुणी रंगाचा डबा विकत आणला नव्हता. जुन्या सेलमधली काळी भुकटी आणि घेवड्याच्या पाल्याचा रस घोटून तो माझ्या अंगाला चोळला होता. बैलगाडीतून मी गावात आलो आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, भिंतीला लागलो. समोर पाच पावलांवर गावाचा मोठा नळ होता, आजही आहे.

माझा खरा सोबती म्हणजे ग्रामपंचायतीचे शिपाई पुंजाराम. सातवी शिकलेले, पण अक्षर असं की बघत राहावं. रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझं अंग पुसायचे आणि खडू घ्यायचे. आज कोणत्या गल्लीला पाणी, पोलिओचा डोस कोणत्या वारी, कडूबाची शेळी हरवली आहे, तिचा एक कान कापलेला आहे. लिहून झालं की ते तिथून हलत नसत. गावात निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, "कळलं का?"

"न्हाई कळलं," कुणीतरी हटकून म्हणायचं.

मग ते पुन्हा सांगायचे, वेगळ्या शब्दांत. त्या "न्हाई कळलं"चा कुणाला कमीपणा वाटत नसे. एकदा तालुक्याचे एक साहेब आले, त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून "काय सुंदर फळा ठेवलाय!" असं म्हटलं. मला काही दिवस ग्रामपंचायतीच्या दाराचीसुद्धा ओळख राहिली नव्हती, इतका मी फुगलो होतो.

पुढे पुंजाराम निवृत्त झाले आणि गावात हातोहाती फोन आले. फोनवर माझा राग नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पण खोटेपणा मला जमत नाही, म्हणून हेही सांगतो की फोन कामाचा आहे. रात्री-अपरात्री गाडी बोलवता येते. पुंजारामचा मुलगा जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला आहे, त्याचं तोंड घरच्यांना रोज दिसतं. पण गावाचा एक ग्रुप निघाला आणि ग्रामसेवकांनी सगळ्या सूचना त्यात टाकायला सुरुवात केली. त्यांच्याकडे तीन गावं. वरून जे आलं ते तसंच पुढे ढकलायचे. मला कुणी पुसेनासं झालं. माझ्या पोटावर खिळे मारून कुणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स लावलं गेलं, ते अर्धं फाटून तसंच लोंबत राहिलं.

तेही मी सोसलं असतं. पण फोनमधून येणारे कागद इंग्रजीत येऊ लागले, आणि इथे माझी तगमग सुरू झाली. आमच्या गावात इंग्रजीला फार मान. मराठीतलं पत्र आलं तर लोक त्यात चुका काढतात, भांडतात. इंग्रजीतलं आलं की गप्प होतात आणि हात जोडलेलं चित्र पाठवतात. आपल्याला हे समजलं नाही असं म्हणणं म्हणजे चारचौघांत फाटका सदरा दाखवण्यासारखं झालं. पुंजारामसुद्धा बदलले. त्यांनी नात अर्पिताला हट्टानं इंग्रजी शाळेत घातलं. आठ वर्षांची ही पोर रोज दुपारी शाळेच्या गाडीतून माझ्यासमोरच उतरते.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, तो दिवस गेल्या वर्षीच्या भाद्रपदातला. ग्रामसेवकांनी नळाचं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवलं होतं. त्याचा अहवाल ग्रुपवर आला, अर्थात इंग्रजीत. त्यात काय लिहिलं होतं ते मला चार दिवसांनी कळलं, पण माझ्याच्यानं तेवढं थांबवत नाही, तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. नळात गटाराचं पाणी शिरलं होतं. हे पाणी पिऊ नका, असं त्या कागदात लिहिलं होतं.

ओट्यावर सात-आठ माणसं होती. उपसरपंच सर्जेराव फोन लांब धरून डोळे बारीक करत होते.

"चष्मा घरीच राह्यला," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता, मला वरून दिसत होता.

तेवढ्यात अर्पिता गाडीतून उतरली. पुंजारामची छाती फुगली.

"सर्जेराव, फोन द्या हिच्याकडं. आमची अर्पी वाचून राह्यली आता बराबर."

अर्पितानं दप्तर खाली ठेवलं, फोन घेतला आणि वाचायला लागली. मित्रांनो, काय वाचलं तिनं! कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. लांबलचक शब्द ती अशी म्हणत गेली, जशी शाळेत कविता म्हणावी. सगळा कागद वाचून झाला तेव्हा ओट्यावर कडकडून टाळ्या पडल्या.

"वा रे वा! बिलकुल मॅडमसारखी!" कडूबा म्हणाला.

सर्जेरावांनी फोन परत घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, अभिनंदन. पोरीचं की पाण्याचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण उपसरपंचांनी अभिनंदन केलं म्हणजे अहवाल चांगलाच असणार, असं गावानं धरलं. तासाभरात चाळीस अभिनंदनं पडली. ग्रामसेवकांचाही अंगठा आला.

मी वाट बघत होतो. कुणीतरी आता म्हणेल, "कळलं का?" कुणीतरी म्हणेल, "न्हाई." कुणीच म्हणालं नाही. आणि अर्पिता टाळ्यांनी लाजून पाच पावलं चालत नळापाशी गेली, ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायली.

आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी हंडे, कळश्या, टिपाडं, जे हाताला लागेल ते भरून ठेवतात. त्या दिवशी सगळ्या गावानं ते पाणी भरलं आणि पुढचे दिवस तेच प्यालं. दुसऱ्या दिवशी दोन घरांत उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी अकरा घरांत. लोक म्हणाले, हवा बदलली, गणपतीचं जेवण बाधलं. मला मात्र रोज शाळेच्या गाडीतून न उतरणारी अर्पिता दिसत होती. मग एका सकाळी तिची आई उषाबाई तिला खांद्यावर टाकून जीपकडे पळाली. पोरीची मान लुळी पडली होती. मागे पुंजाराम, पायात चप्पल नाही. आधी भोकरदन, तिथून जालना. भोकरदनच्या डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलंच नाही म्हणे.

अर्पिताचं काय झालं हे कळायला मला काही मार्ग नव्हता. सगळ्यांचे फोन वाजत होते, पण ते कानाला लागलेले. मी भिंतीवर तळमळत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उषाबाई एकटीच एस.टी.तून उतरली. पोरीचे कपडे न्यायला आली होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, संपलं सगळं. पण तिला माझ्याकडे बघायला वेळच मिळाला नाही. तो पाणी येण्याचा दिवस होता. नळावर ही गर्दी! चांगुणाबाई पहिला हंडा भरून डोक्यावर घेत होती.

"ठिवा ते खाली!" उषाबाई ओरडली. "नका भरू! हेच पाणी इख आहे!"

"अगं, रिपोर्ट चांगला आल्ता की," चांगुणाबाई म्हणाली. "सगळ्याइनी अभिनंदन केल्तं."

"कुणी वाचल्ता रिपोर्ट? दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं वाचला आज सकाळी. माझ्याच फोनमधी होता. म्हणे, बाई, तुमच्याजवळ चार दिवसांपासून लिहून आलंय, मंग लेकराला पाजलं कशाला? मी काय सांगू तिला?"

चार-दोन बायकांनी हंडे पालथे केले. पण मागून येणाऱ्या ऐकत नव्हत्या. दुसऱ्या गल्लीतल्या तर अजून यायच्या होत्या. उषाबाईचा आवाज बसला होता, एकेकीला किती सांगणार? "ग्रुपवर टाक ना," कुणीतरी सुचवलं. ती तशीच ओट्यावर चढली आणि माझ्या पोटावरचं फ्लेक्स तिनं टराटरा ओढून काढलं. मला वाटलं, मी इतक्या वर्षांनी श्वास घेतोय. तिनं इकडेतिकडे खडू शोधला. खडू कुठला असायला! कडूबा तंबाखू मळत बसला होता. तिनं त्याच्या हातातली चुन्याची डबी घेतली, बोट बुडवलं आणि लिहायला लागली.

नळाचं पाणी पिऊ नका. त्यात घाण आहे. माझी अर्पिता दवाखान्यात आहे.

अक्षर वाकडंतिकडं होतं. चुन्यानं तिचं बोट भाजत होतं, हे मला कळत होतं. पण मित्रांनो, पुंजारामच्या सगळ्या देखण्या अक्षरांपेक्षा मला त्या तीन ओळी जड वाटल्या. येणारी प्रत्येक बाई माझ्यापुढे थांबली. जिला वाचता येत नव्हतं, तिनं शेजारणीला विचारलं, "काय लिव्हलंय?" आणि हंडे रिकामे होऊ लागले. नळ बंद झाला. दोन दिवसांत गटाराखालचा फुटका पाइप सापडला.

अर्पिता नवव्या दिवशी परत आली. निम्मी झाली होती. पुंजारामनी तिला कडेवर घेऊन जीपमधून उतरवलं आणि ओट्यावर बसवलं. सगळे जमले, सर्जेरावही. कुणी बिस्किटाचा पुडा आणला, कुणी डोक्यावरून हात फिरवला. तिची नजर माझ्यावर गेली. चुन्याची अक्षरं अजून कुणी पुसली नव्हती. तिनं ओठ हलवत, एकेक अक्षर लावत ती वाचली. मराठी वाचायला तिला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागला. पण वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला.

"आबा," ती म्हणाली, "मी वाचल्तं त्या फोनमधी पण हेच होतं का?"

पुंजारामनी होकाराची मान हलवली.

"तुम्हाला कळलं न्हाई?"

"न्हाई, बाळा."

"मला बी न्हाई कळलं." तिनं सगळ्यांकडे बघितलं. रागानं नाही, खरंच न उमगून. "मंग तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?"

सर्जेराव खाली बघू लागले. पुंजाराम ओट्याच्या कडेला बसले आणि उपरण्यात तोंड लपवून रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, त्या पोरीला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. आता माझ्या जागी विजेवर चालणारा, फोनसारखा रंगीत पडदा बसवायचा ठराव झाला आहे, आणि मी कुठल्या तरी अडगळीत जाईन. जाऊ द्या. तो पडदा खुशाल बसवा, फोन वापरा, इंग्रजीही शिका, चांगली शिका. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जे तुमच्या पाण्याचं, तुमच्या जिवाचं आहे, ते तुम्हाला कळेल अशा भाषेत मागून घ्या. आणि नाही कळलं तर अंगठा दाबण्याआधी चारचौघांत मोठ्यानं म्हणा, "मला हे कळलं नाही." हे वाक्य माझ्या अंगावर कुणीतरी लिहावं म्हणून मी अजून या भिंतीवर तळमळतो आहे.